मान खाली घालायचं दार

१

ताई सकाळी चर्च उघडायला जाते आणि मी किल्ल्यांचा जुडगा धरून तिच्या मागे जातो. मी गावी परतल्यापासूनचा हा आमचा नेम. "जुडगा तू धर. नाहीतर नुसता मिरवायला आलास असं वाटतं," असं ती म्हणते. ताई माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनेच. पुढे ती गावच्या शाळेत हेडबाई झाली आणि निम्म्या गावाचे कान तिने पिळले. निवृत्तीनंतर चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या, कारण तिच्या हातात दिलेली वस्तू हरवत नाही अशी सगळ्यांची खात्री. मी जन्मभर शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा, असा सुखाचा धंदा. लग्न राहून गेलं. डोळे दमले तेव्हा पेटी उचलली आणि ताईकडे राहायला आलो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मी कुठूनही आलो आणि दारात पाऊल टाकलं की ताई हातातलं काम सोडून वर बघायची. बटाटे सोलत असो नाहीतर वाचत असो, मान वर करायची आणि म्हणायची, "आलास?" बस्स, एवढंच. माझ्या येण्याने मान वर करणारं जगात दुसरं माणूस नव्हतं.

आमचं चर्च एका उंचवट्यावर आहे. आजूबाजूची शेतं चौकोनी, हा उंचवटा मात्र ताटासारखा गोल. त्याच्यावर मोठाले उभे दगड आहेत, पुरुषभर उंचीचे, काही सरळ तर काही एकमेकांकडे कललेले. चर्चच्या कितीतरी आधीचे आहेत, यापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. नंतर आलेल्यांनी तिथे चर्च बांधलं, पण दगड हलवले नाहीत. कुंपणाची भिंत त्यांना वळसा घालून जाते, आणि चर्चच्या एका बाजूला तर सबंध भिंतच काही दगडांना पोटात घेऊन उभी केली आहे. त्याच भिंतीत बाजूचं दार आहे. भिंत इतकी जाड की दार कसलं, छोटासा बोळच तो, आणि त्याच्या एका अंगाला ते दगड उघडे दिसतात. समोरचं मोठं दार रविवारी उघडतं. एरवी येणंजाणं या बोळातूनच.

आणि या बोळातून जाताना गावातलं प्रत्येक माणूस मान खाली घालतं.

क्रूसाची खूण करत नाहीत, थांबत नाहीत. नुसती मान खाली घालतात आणि आत गेले की वर करतात. लहान मुलांच्या मानेवर आया तळहात ठेवतात आणि हलकेच दाबतात. माझ्याही मानेवर ताईचा तळहात असायचा. साबणाचा वास येणारा, जरा खरखरीत. का, असं मी तेव्हा विचारलं नाही. नंतर शहरात गेलो आणि विसरून गेलो.

नव्या फादरांमुळे ते पुन्हा लक्षात आलं. फादर तरुण, उत्साही, सदैव घाईत. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांसाठी चर्चच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका काढायचं त्यांच्या मनात होतं. "तुमच्यासारखा भाषेतला माणूस गावात असताना मी दुसऱ्या कुणाला कशाला सांगू?" असं ते म्हणाले, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. मनोरा कधी बांधला, घंटा फुटल्यावर नवी कुठून आली, फरशीतल्या कबरींवरची नावं पावलांनी कशी झिजली, हे सगळं मी झरझर लिहून काढलं. बाजूच्या दारापाशी आलो तेव्हा एक सुबक वाक्यही सुचलं: पूर्वी ही चौकट फार ठेंगणी असावी, चौकट गेली, पण वाकायची सवय राहिली.

वाक्य मला भलतंच आवडलं. म्हटलं, दाराचं माप घेऊन शिक्कामोर्तब करून टाकू.

२

दुपारी टेप घेऊन एकटाच गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं. मान खाली घालायला मी काय कुणाचं घोडं मारलंय, असं मनाशी म्हणत मी ताठ मानेने बोळात शिरलो.

आणि बोलणं थांबलं.

हे नीट सांगायला हवं, कारण ऐकू काहीच आलं नव्हतं. शब्द नाही, कुजबुज नाही. पण आपण एखाद्या खोलीत शिरावं आणि तिथली माणसं एकदम गप्प व्हावीत, हा अनुभव कुणाला नाही? छापखान्यात मी तो पुष्कळदा घेतला होता. साधी शांतता वेगळी आणि आपल्याला बघून पडलेली शांतता वेगळी. ही दुसरी होती. तिच्यात अर्धवट तोडलेलं वाक्य होतं.

मी आत डोकावलो. बाकं रिकामी, वेदीवर ताईने सकाळी ठेवलेली फुलं. कुणी नाही.

मग माझे कान तापले. मला लाज वाटली. भीती नव्हे, लाज. भलत्या ठिकाणी भलतं काही करताना पकडलं जावं तशी, सरसरून आलेली लाज. मी वेड्यासारखी सदऱ्याची बटणं चाचपली. कुणाशी खोटं बोललो का, कुणाला दुखावलं का, हे आठवू लागलो. आयुष्यात चार लाजिरवाण्या गोष्टी प्रत्येकाच्या असतात, माझ्याही आहेत. एकेक काढून बघितली. एकही जुळेना. ही त्यांपैकी कुठलीच नव्हती. ही कोरी होती.

माप तेवढं घेतलं. चौकट चांगली उंच. तिचे दगडही मूळचेच दिसत होते. मागाहून तोडल्याची, वाढवल्याची खूण कुठे नव्हती. म्हणजे माझं सुबक वाक्य चूक होतं. घरी आल्यावर ध्यानात आलं की मी सगळा वेळ त्या बाजूच्या भिंतीकडे पाठ करून उभा होतो, जिच्यात ते दगड आहेत. मुद्दाम नव्हे. कपडे बदलणाऱ्या माणसाकडे आपण जशी पाठ करतो, तशी आपोआप झाली होती.

वाक्य मी खोडलं नाही. वाचायला चांगलं वाटत होतं.

३

"मान वर करून गेलास?" ताईने विचारलं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चादरीला ठिगळ लावत होती.

"माप घ्यायला मान वर करावीच लागते, ताई."

"तुला शहाणपणाचं अजीर्ण झालंय." तिने दाताने दोरा तोडला. "काय वाटलं?"

"काही नाही." मग राहवेना. "लाज वाटल्यासारखं झालं."

तिची सुई थांबली. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, लहानपणी ताप आला की बघायची तसं.

"कशाची?"

"तेच तर कळत नाही. काही केलंच नाही तर कशाची लाज?"

"मग जाऊ नकोस पुन्हा तसा. खाली बघत जा आणि खाली बघत ये. त्यात काय कमीपणा येतो?"

"पण का, ते तरी कळू दे. अख्खं गाव कशाची लाज वाटून घेतं?"

"आपली कुठली रे लाज?" ताई म्हणाली. "आपल्याला वाटते म्हणून नाही घालत मान खाली. कुणाची तरी राखायची म्हणून घालतो. दार ढकलावं आणि आत कुणी उघडं असावं, तर तू काय करशील? बघत उभा राहशील? तसं आहे ते. आईने मला एवढंच सांगितलं. मीही जास्त विचारलं नाही, आणि शाळेत मीच सगळ्यांना विचारायला शिकवत होते!" ती हसली, पण अर्धवट.

मी म्हटलं की जाड भिंतीत हवा कोंडते, कान बंद पडतात, आणि कान बंद पडले की माणसाला शांतता झाल्याचा भास होतो. कान तापायचंही तेच कारण. हे मी इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की माझं मलाच पटलं. ताईने पुन्हा सुई ओवली.

"ते काही तुझं मुद्रित नाही," ती म्हणाली. "सगळ्याच ठिकाणी चूक काढायला जाऊ नये."

तरी पुढचे काही दिवस ती लाज अधूनमधून अंगावर यायची. दाढी करताना यायची, चहा पिताना यायची. कुणीतरी आधीच रक्कम देऊन ठेवावी आणि माल मागाहून यावा, तसं वाटायचं. माझ्या हातून काहीतरी व्हायचं आहे, असं एकदा मनात आलं, आणि मी स्वतःला हसलो.

४

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर कुठला फोटो घ्यायचा, यावर फादरांचं मत ठाम होतं. मनोऱ्याचे फोटो सगळेच छापतात. आपण बाजूचं दार घेऊ, आणि दारात ताई, हातात किल्ल्या. "चर्च म्हणजे दगड नव्हेत, माणसं!" असं म्हणून ते कॅमेराच घेऊन आले. दुपार कलली होती. तिरप्या उन्हाने बोळाचा निम्मा भाग उजळला होता आणि त्या उजेडात ताईचा निळा स्वेटर छान दिसत होता.

ताई बोळात उभी राहिली. मान खाली.

"ताई, इकडे बघा!" फादर म्हणाले.

"असाच काढा, फादर."

"चेहरा नको का दिसायला?"

"बाहेर अंगणात उभी राहते की. तिथे हवा तेवढा दाखवते."

"अहो, पण दार हवंय ना! एक क्षणभर फक्त."

ताई हलली नाही. फादरांनी हसून माझ्याकडे पाहिलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मला ते लागलं. शहरात आयुष्य काढलेला माणूस मी, छापायच्या पुस्तकाचा लेखक मी, आणि माझी बहीण, एकेकाळची हेडबाई, अडाण्यासारखी हटून बसलेली. मी तिच्यापाशी गेलो आणि दात आवळून, हळू आवाजात म्हणालो, "फादरांच्या देखत माझी मान खाली घालायला लावू नकोस."

मी हेच शब्द वापरले. त्याच जागी उभा राहून वापरले. जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका धरणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडून काय बाहेर पडतंय ते ऐकू आलं नाही.

"नको रे," ताई म्हणाली. "माझं ऐक."

मी ऐकलं नाही. मी हात पुढे केला, दोन बोटं तिच्या हनुवटीखाली घातली आणि तिचं तोंड वर केलं.

त्याच क्षणी ओळख पटली. कान तापले. टेप घेऊन आलो होतो तेव्हा वाटलेली लाज ती हीच. रंग तोच, वजन तेच. ती याच कृत्याची होती, फक्त आधी येऊन थांबली होती. मी बोटं काढून घेतली आणि मागे सरून फादरांशेजारी जाऊन उभा राहिलो. ताईची मान वरच राहिली. मी ठेवली तशी.

तिने आधी बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. मग थोडं डोकं कललं, कुणी कानाशी काही सांगत असलं की कलतं तसं. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने 'नाही' अशी मान हलवली. पुन्हा ऐकलं. पुन्हा हलवली, पण या वेळी सावकाश. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

कॅमेऱ्याचा आवाज झाला. "फर्स्ट क्लास!" फादर म्हणाले.

ताईने मान खाली घातली आणि किल्ल्या हातात घेऊन आमच्या मधून निघून गेली.

५

संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा ताई टेबलाशी बटाटे सोलत होती. मी दारात पाऊल टाकलं. ती हातातलं काम सोडून थांबली, आणि तिने मान खाली घातली.

"ताई, रागावलीस?"

"नाही रे."

"चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं. हात लावायला नको होता."

"त्याचं काही नाही." आवाज मायेचा होता, तेच जास्त वाईट होतं. ती सालीकडे बघून बोलत होती.

"मग बघ की माझ्याकडे."

तिने दुसरा बटाटा उचलला.

"तिथे काय ऐकलंस?"

"काही नाही."

"माझ्याबद्दल होतं?"

सुरी बटाट्यावर थांबली. ताई म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही."

त्यानंतर मी सगळं करून पाहिलं. पाया पडलो, रडलो, एकदा ओरडलोही. तिथे काय म्हणाले ते सांग, मी खरं असेल तर कबूल करतो, खोटं असेल तर तोंडावर सांगतो. ती फक्त मान आणखी खाली घालायची आणि माझा चहा माझ्यापुढे सरकवायची. चहात साखर बरोबर असायची. सदऱ्याला बटण लावलेलं असायचं. प्रेम तसूभर कमी झालं नव्हतं. ती मला सांभाळत होती. दार ढकलल्यावर आत कुणी उघडं दिसलं तर भला माणूस जे करतो, ते करत होती.

ताईने कुणाला सांगितलं नाही, याची मला शपथेवर खात्री आहे. पण पुढच्या आठवड्यात मी दाढी-कटिंगला गेलो, आणि दुकानात चाललेल्या गप्पा बंद पडल्या. न्हाव्याने माझे केस कापले ते आरशात एकदाही न बघता. किराणावाला माझ्याशी बोलला, दरही नीट सांगितला, पण तागडीकडे बघून. कुणी उद्धट नव्हतं. रस्त्यात एक बाई मुलाला घेऊन समोरून आली. तिने सहज त्याच्या मानेवर तळहात ठेवला आणि हलकेच दाबला.

फादर गावचे नव्हते, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. ते छापून आलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा सोडत होते. "सुंदर झालीय, एकही चूक नाही," असं ते म्हणाले. आपल्या बुटांकडे बघत म्हणाले.

मी एक प्रत घरी आणली. आत माझं ते सुबक खोटं वाक्य आहे, आणि वर ताईचा फोटो. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. त्याच्या जरा बाजूला, मी उभा होतो तिकडे बघते आहे. आपल्या माणसाबद्दल कुणी काही सांगितलं, पटलं नाही, आणि मग पटलं, असा चेहरा. पण ती बघते आहे. ताईची नजर आता मला तेवढ्या एका जागी मिळते. मी पुस्तिका उशीखाली ठेवतो आणि पुन्हा पुन्हा काढतो. कधी कधी तिच्यासमोर मलाच मान वर करवत नाही.

६

आज सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. पुढे ताई, मागे जुडगा घेऊन मी. चांगली स्वच्छ सकाळ होती. उंचवट्यावर दगडांच्या सावल्या गवतात लांब पडल्या होत्या. तिने दार उघडलं, मान खाली घातली आणि झाडू घेऊन आत गेली.

मी ठरवून आलो होतो. बोळात उभा राहिलो आणि मान वर करून त्या भिंतीकडे पाहिलं, जिच्याकडे तेव्हा पाठ केली होती. जे काही माझ्याबद्दल सांगितलं गेलं, ते सांगणाऱ्याच्या तोंडाकडे तरी बघू, असा विचार होता.

तोंड दिसलं नाही. दगडांच्या ज्या बाजू मी जन्मभर दगडांच्या बाजू समजत होतो, त्या पाठी होत्या. खांद्याचा उतार होता, मणक्याची ओळ होती. सगळे भिंतीत तोंड घालून उभे होते, माना खाली घालून, एकमेकांना खेटून. फक्त एका ठिकाणी ते खेटलेले नव्हते. तिथे दोघांच्या मध्ये फट होती, आणि फटीतला चुना ओलसर दिसत होता. फट माझ्या खांद्यांएवढी आहे, हे कळायला मला टेप लागला नाही.

आतून झाडूचा आवाज येत होता. "ताई," मी हाक मारली. झाडू थांबला. मला माहीत होतं ती माझ्या दिशेने वळली आहे, आणि कशी वळली आहे तेही माहीत होतं. मी खूप वेळ वाट पाहिली. मग झाडू पुन्हा सुरू झाला.

मी मान खाली घातली. कुणाची लाज राखायची म्हणून नव्हे. माझी मला वाटली म्हणून.

आणि तेव्हा मला ते बोलणं ऐकू आलं. हलकं, घरगुती, कित्येक वर्षं चालू असल्यासारखं. मी आलो तरी ते थांबलं नाही. उलट माझ्या कानाजवळ कुणीतरी जरासं सरकलं, आणि हातातलं काम सोडून विचारावं तसं विचारलं, "आलास?"